आमचं काय हाय सांगण्याजोगं?

बायकांना सतरंजीवर बसवून ‘चला, आता प्रत्येकीने आपापली गोष्ट सांगा’ असं म्हटलं की बहुतेकींच्या तोंडून हेच येतं. ज्या बोलतात त्या नवऱ्याची नोकरी, पोराचं शिक्षण, घराचा स्लॅब कधी पडला ते सांगतात. मग कार्यक्रम घेणाऱ्या ताई हिरमुसतात आणि अहवालात लिहितात, ‘महिला मोकळ्या झाल्या नाहीत.’ बायका मोकळ्याच असतात हो. नळावर, रानात, दवाखान्याच्या बाकड्यावर त्यांचं तोंड क्षणभर मिटत नाही. चुकतो तो प्रश्न.

गावात, वस्तीत, चाळीत बायकांच्या आपबीत्या ऐकून नीट जपून ठेवायचं काम आता बरीच मंडळी हातात घेतायत. हेतू चांगला असतो, पण काम हातचं निसटतं ते बारीकसारीक गोष्टींत. त्या बारीकसारीक गोष्टींबद्दल हे थोडं.

पहिला प्रश्न ‘तुमचा संघर्ष सांगा’ असा कधीच नको. ‘संघर्ष’, ‘सक्षमीकरण’, ‘स्त्रीवाद’ हे शब्द आपल्या वहीत राहू द्यावेत. पहिली फेरी एवढीच घ्यावी: माहेरचं नाव काय? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं, त्याआधी काय म्हणून हाक मारायचे? वीस-वीस वर्षं शेजारी राहिलेल्या बायकांनाही एकमेकींचं हे नाव ठाऊक नसतं. ‘अमक्याची आई’, ‘वरल्या आळीची काकी’ एवढीच ओळख. या एका फेरीत हसू येतं, कुणी लाजतं, कुणाचा आवाज जरा दाटतो, आणि जी ‘आमचं काय’ म्हणत होती तिच्याही तोंडून दोन वाक्यं निघून गेलेली असतात.

दुसऱ्या फेरीसाठी आदल्या दिवशीच निरोप द्यावा: येताना घरातलं नाव घातलेलं एक भांडं आणा. हंडा, कळशी, तांब्या, परात, काहीही. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालून देतात, बऱ्याचदा तारीखही असते. त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कितीतरी मजकूर दडलेला असतो. देणारा मामा की चुलता, दिलं कधी, आणि मुख्य म्हणजे नाव कुणाचं. सासऱ्याचं असतं, नवऱ्याचं असतं, ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ’ असतं. जिने ते भांडं तीस वर्षं घासलं तिचं नाव त्यावर सापडलं तर नवल. हे आपण बोलून दाखवायचं नाही. नुसतं ‘वाचा बरं काय लिहिलंय’ म्हणायचं. वाचता येत नसेल तर शेजारणीने वाचावं. पुढचं बायका आपणहून बोलतात, आणि त्या जे बोलतात ते आपल्या कुठल्याही प्रश्नावलीत सापडायचं नाही.

आता बसायचं कुठं? ग्रामपंचायतीचं कार्यालय नको, कारण दारावरून कोण आलं-गेलं ते गावाला दिसतं. देऊळ नको. ज्यांना पाळी आहे त्या पायरीवरून परत जातात, मुसलमान बायका येत नाहीत, आणि काही गावांत दलित वस्तीतल्या बायका आल्या तरी कडेला बसतात. एखादीच्या ऐसपैस घरात बसावं असं वाटतं खरं, पण मग त्या घरच्या सुनेचं तोंड शिवलेलं राहतं आणि जिच्या घराशी कुणाचं बांधावरून भांडण आहे ती फिरकत नाही. अंगणवाडीची खोली दुपारी मोकळी असते, ती बरी. तीही गावाच्या कुठल्या टोकाला आहे ते आधी पाहावं. वस्तीतल्या बायकांना गावठाणात बोलावणं आणि गावठाणातल्या बायकांना वस्तीत बोलावणं या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. पहिली बैठक वस्तीत घेतली की कोण येतं आणि कोणाला नेमकं त्याच दिवशी काम निघतं, यावरून त्या गावाबद्दल बरंच कळतं.

वेळ ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात: नळाला पाणी कधी येतं, आठवडी बाजार कोणत्या वारी, पोरं शाळेतून कधी सुटतात. साधारण दुपारी दोन ते चार ही वेळ सापडते. सुगीत बोलावू नये. बीड, अहिल्यानगर भागात दसरा-दिवाळीनंतर तर मुळीच नाही, कारण निम्मं गाव उसाच्या फडात गेलेलं असतं आणि उन्हाळ्यात परततं. शहरात रविवारी दुपारी बोलावतात. पण आठवड्याचे कपडे, निवडण-टिपण, सगळं रविवारीच असतं. घरकाम करणाऱ्या बायकांना दोन घरांच्या मधली दुपारची वेळ जास्त सोयीची पडते.

गर्दीचा मोह टाळावा. आठ ते बारा जणी पुरे. आणि एका बैठकीत त्यातल्या चारच जणी सविस्तर सांगतील, बाकीच्या ऐकतील, असं आधीच ठरवावं. साधा हिशेब आहे: बारा जणींना पंधरा-पंधरा मिनिटं दिली तर तीन तास होतात, आणि तीन तास कुणालाच नसतात. मग शेवटच्या पाच जणींना ‘थोडक्यात सांगा’ म्हणायची वेळ येते. त्या शेवटच्या पाच कोण असतात? कडेला बसलेल्याच. म्हणून बारा जणींच्या तीन बैठका, प्रत्येकी दोन तासांच्या, आणि दुसऱ्या बैठकीची सुरुवात कडेच्या बाईपासून.

बैठक बचतगटाच्या मासिक सभेला जोडून घेणं सोपं वाटतं, कारण बायका जमलेल्याच असतात. पण ज्या बाईचा हप्ता थकलाय ती त्या दिवशी मान वर करत नाही, आणि जिच्याकडे गटाचं पुस्तक असतं तिचा शब्द शेवटचा ठरतो. वेगळा दिवस घ्यावा. तसंच संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. गर्दी हमखास होते, वाण लुटायला सगळ्या नटूनथटून येतात, आणि विधवा येत नाहीत. बोलावलं नाही म्हणून नव्हे, आपलं तिथं काम नाही हे त्यांना अंगवळणी पडलंय म्हणून. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो नमुना ठेवला. ठराव झाला हे मोठंच. पण ठराव झालेल्या गावातसुद्धा वाण घेताना कुंकवाचा करंडा कुणासमोर थांबतो आणि कुणाला ओलांडून पुढं जातो, हे पाहणाऱ्याला दिसतंच. आपल्या बैठकीत करंडा आणूच नये. तिळगूळ सगळ्यांना सारखा.

सासू आणि सून एकाच गोलात नकोत. जावा-जावा चालतात, कधीकधी छान रंगतात, पण सासूसमोर सून बोलली तर संध्याकाळी त्याचे पडसाद स्वयंपाकघरात उमटतात. दोन वेगळे गोल करावेत: साठीच्या पुढच्या आणि अलीकडच्या. म्हाताऱ्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. मग एकीलाच खुर्ची दिली की ती आपोआप अध्यक्षीणबाई होते. दोन-तीन पाट आणि एखादं बुटकं स्टूल ठेवलं की प्रश्न मिटतो.

चहाचं काय, हा प्रश्न किरकोळ नाही. चहा तिथंच करायचा म्हटला की सगळ्यात तरुण सून उठते, आणि तिच्या वाट्याची वीस मिनिटं चुलीपुढं जातात. तिला परत बोलावलं तरी धागा तुटलेला असतो. दोन लिटरचा थर्मास भरून बाहेरून चहा आणावा. बारा जणींना दोनदा होतो. पोरांसाठी मुरमुऱ्यांची पिशवी आणि त्यांना सांभाळायला एक माणूस. पुरुष असला तरी चालेल, पण बाहेर, कानाआड.

नियम दोनच सांगावेत, तिसरा सांगितला की बायका पहिला विसरतात. एक, कुणी सांगत असताना सल्ला द्यायचा नाही. दोन, इथलं इथंच. यातला पहिला पाळायला जास्त अवघड. ‘अगं तू तेव्हाच माहेरी निघून यायचं ना’ हे वाक्य मायेपोटी येतं आणि सांगणाऱ्या बाईला एका क्षणात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. ‘माझंबी असंच झालं’ हे वरवर आधार देणारं वाक्यही जपून. एकीची गोष्ट अर्ध्यावर असताना दुसरी सुरू होते आणि पहिली गप्प बसते. आणि कुणी रडली तर पाण्याचा तांब्या घेऊन धावू नये. पाणी शेजारी आधीच ठेवलेलं असावं. ‘रडू नका मावशी’ म्हणणं म्हणजे ‘पुरे करा’ म्हणणंच. गप्प बसावं. वीस सेकंदांची शांतता कार्यकर्त्याला असह्य होते, बाईला नाही.

मारहाणीबद्दल सरळ विचारलं की सरळ खोटं उत्तर मिळतं. ‘नवरा मारतो का?’ ‘नाही ओ, चांगले आहेत.’ त्यापेक्षा ‘घरात शेवटचं मोठं भांडण कशावरून झालं होतं?’ हे विचारून पाहावं, किंवा ‘राग आला की कुठं जाऊन बसता?’ उत्तरात विहीर, बांध, मागचं दार, शेजारणीची ओसरी अशा जागा येतात, आणि कुठल्या जागेवर किती वेळ काढला ते सांगताना बाकीचं येतं. ऊसतोडीच्या बायकांना ‘तुमचं शोषण होतं का’ विचारणारे महाभाग आहेत. त्यांना विचारायचं असतं, उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कुणाच्या हातात देतात? नवरा-बायकोची जोडी मिळून एकच ‘कोयता’ मोजतात. राबणारे हात चार, पण मुकादमाचे पैसे मोजून जातात ते दोन हातांत. मग ‘खाडा’ झाला, म्हणजे कामाचा दिवस चुकला, तर काय, हा प्रश्न. एका दिवसाच्या खाड्याचा दंड किती कापतात हे बायकांना रुपयापर्यंत पाठ असतं. त्यातून पाळीचे दिवस निघतात, त्यातून ‘पिशवी काढली’ हे निघतं. या पिशव्यांचा प्रश्न इतका वाढला की २०१९ साली राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. लिहून काढताना ‘गर्भाशय शस्त्रक्रियेद्वारे काढले’ असं करू नये. ती ‘पिशवी’च म्हणाली ना? पिशवीच राहू द्यावी.

साठीच्या पुढच्या ज्या बायका गद्यात काही सांगत नाहीत त्या ओवीत सगळं सांगतात. सासरचा जाच, भावाची वाट, पोटी मुलगा नसणं, कधी नवऱ्याची दुसरी बाईसुद्धा. सोय अशी की ओवी ‘मी’ म्हणून गायची, पण कुणी टोकलं तर ‘गाणंच तसं हाय बाई’ म्हणून हात झटकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातूनच हे किती खोल आहे ते बाकीच्यांना कळलं. पण नुसतं ‘आजी, ओवी म्हणा’ म्हटलं की आजीला एकही आठवत नाही. हाताला जात्याचा खुंटा लागतो. पिठाची गिरणी आल्यापासून जातं परड्यात पालथं पडलेलं असतं. ते आदल्या दिवशी धुऊन, उन्हात वाळवून ठेवावं. खुंटा सैल असेल तर फडक्याची चिंधी गुंडाळून ठोकावा. जातं रिकामं फिरवू नये, दगडावर दगड घासतो, कच पडते आणि आवाजही कर्कश येतो. दोन ओंजळी ज्वारी पुरते. दोघी समोरासमोर बसल्या, दोन-चार घास ओतले, की पहिली ओवी देवाची येते, दुसरी आईची, आणि मग मात्र थांबत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने यंत्र जात्याजवळ ठेवू नये. घरघरीत शब्द बुडतात. गाणारीच्या खांद्यामागे, उशीवर.

यंत्र म्हणजे साधा फोन चालतो. सुरू करण्याआधी फ्लाइट मोड टाकायचाच, नाहीतर मधेच कॉल येतो आणि बऱ्याच फोनांत ध्वनिमुद्रण तिथंच थांबतं, हे अर्ध्या तासाने कळतं. पंखा बंद. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात बैठकच नको. फोन स्टीलच्या ताटात किंवा फरशीवर ठेवला की प्रत्येक बांगडीचा खणखणाट येतो. घडी घातलेल्या पंच्यावर ठेवावा, सांगणाऱ्या बाईपासून हातभर अंतरावर. कॉलरचा छोटा माइक असेल तर पदरावर लावू नये. पदर दर दोन वाक्यांनी सावरला जातो आणि सगळीकडे खसखस ऐकू येते. पदर नसलेल्या बाजूला, ब्लाउजच्या गळ्याशी लावावा. अर्थात लावणारी बाईच हवी. डब्ल्यूएव्ही प्रकारात, एकाच चॅनेलवर घेतलं तर तासाला साधारण ३०० एमबी जागा लागते. एमफोरएमध्ये ६० एमबीच्या आसपास. जागा असेल तर पहिलं. फाइल व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटने पाठवू नये, आवाज चेपला जातो. आणि गटावर तर चुकूनही नाही. फाइलच्या नावात बाईचं नाव घालायचं नाही. तारीख आणि क्रमांक पुरे. कोणता क्रमांक कुणाचा हे वेगळ्या वहीत, ती वही कुलपात.

गोष्टीत साल विचारून उपयोग नसतो. ‘लग्न कधी झालं?’ ‘कुणाला ठावं, लहानच व्हते.’ साल काढायचं ते आपत्तींवरून. साताऱ्याकडं कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. लातूर-धाराशिवला किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. पुण्याच्या जुन्या पेठांत पानशेतचा पूर, जुलै १९६१. मुंबईच्या गिरणगावात १९८२ चा गिरणी संप. आणि घाटावर, मराठवाड्यात जवळजवळ सगळीकडं बहात्तरचा दुष्काळ. ‘दुष्काळात खडी फोडायला होतात का? तेव्हा थोरला चालत होता की पाटीत होता?’ एवढ्यावर लग्नाचं साल एखाद्या वर्षाच्या फरकाने निघतं. दुष्काळात वाटलेली सुकडी आठवते का, तांबडा मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आठवतो का, हे विचारलं की चव सांगताना तोंड वाकडं होतं आणि पाठोपाठ मजुरी, मुकादम, पाणी किती लांबून आणलं हे येतं. दुष्काळी कामांवर राबलेल्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. खडी फोडणाऱ्या बाईला मात्र ‘तुम्ही त्या कायद्याच्या आधीच्या’ हे कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगावं. तिथं आपण शिकवतोय असं होत नाही. तिच्या आठवणीला पत्ता मिळतो.

आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या आठवणींचंही असंच. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारोंनी बायका आल्या होत्या. अशा बायकांच्या आठवणी कागदावर यायला १९८९ उजाडलं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं पुस्तक आलं तेव्हा. म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं. तेवढ्यात किती जणी निघून गेल्या असतील. म्हणून यादी करताना वयाने थोरलीकडून सुरुवात करावी. चाळिशीतली उत्साही बाई पुढच्या वर्षीही भेटेल.

उतरवून काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जास्त नासाडी तिथंच होते. एका तासाचा आवाज कागदावर यायला सहा ते आठ तास लागतात, गोलातला असेल तर जास्तच, कारण दोघी-तिघी एकदम बोलतात. हे काम शिकलेल्या मुलींकडे दिलं जातं आणि त्या नकळत बाईची भाषा ‘सुधारतात’. ‘गेल्ती’चं ‘गेली होती’, ‘म्या’चं ‘मी’. कोल्हापूर-सांगलीकडची बाई स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते. पुण्याची मुलगी ते चूक समजून ‘मी आले’ करून टाकते. मुलगी प्रामाणिकच असते, पण छापून येते ती दुसरीच कुणी बाई. म्हणून सुरुवातीला एक पानभर नियम लिहून भिंतीला चिकटवावेत: व्हतं लिहायचं की होतं, आन् की आणि, शिवी पूर्ण लिहायची की फुल्या मारायच्या. (पूर्ण लिहावी. तिने अर्धी दिली नव्हती.) ‘हं’, ‘बघा’, ‘काय सांगू’ हे पहिल्या मसुद्यात सगळं घ्यावं, नंतर पाहू. मध्ये थांबली असेल तर कंसात ‘थांबते’. आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअर मराठीत आता बरी चालतात, पण ती बोलीला हमखास प्रमाण वळण देतात, आणि शिवाय त्या बाईचा आवाज कुठल्यातरी परक्या संगणकावर चढतो. तिने त्याला होकार दिलाय का?

होकाराची गोष्ट निघालीच आहे, तर अंगठा घेतलेला कागद म्हणजे होकार नव्हे. तो आपल्या फाइलीसाठी असतो. खरा होकार तीनदा घ्यावा लागतो: ध्वनिमुद्रणाआधी, लिहून झाल्यावर वाचून दाखवताना, आणि बाहेर काही छापायच्या वेळी. मधल्या टप्प्याला बायका बहुतेकदा एखादा भाग काढायला सांगतात. वाद घालू नये, काढावा. कार्यकर्त्याला नेमका तोच भाग सोन्यासारखा वाटत असतो, हेही ठरलेलंच. नाव बदललं की ओळख लपली हा शहरी समज आहे. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात ‘दोन मुली, नवरा विहिरीत गेला, शिलाई मशीन आहे’ एवढं लिहिलं की गाव बोट दाखवतं. गाव बदला, मुलांची संख्या बदला, धंदा बदला, आणि मग त्याच गावातल्या एखाद्या विश्वासातल्या बाईला वाचायला देऊन विचारा, ‘ही कोण वाटते?’ तिने ओळखलं तर अजून बदला.

दोन ठिकाणी कायदा आपल्याला मोकळीक देत नाही, आणि हे बैठकीच्या आधी बायकांना सांगणं भाग आहे. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो या बालसंरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाही गुन्हा. तिथं ‘इथलं इथंच’ हा आपला नियम संपतो. आधी सांगितलं नाही आणि नंतर पोलिसांत गेलो तर त्या वस्तीत पुन्हा कुणी बोलणार नाही. घरातल्या हिंसेचं मात्र वेगळं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. पण सज्ञान बाईच्या वतीने तिला न विचारता काही करायचं नाही. नंबर तिला तोंडपाठ करून द्यावा. चिठ्ठी घरात सापडते.

सगळ्या जणी सांगून झाल्यावर पुढं काय, याचं उत्तर तयार नसेल तर बैठक घेऊच नये, इतकं स्पष्ट बोललेलं बरं. गोष्टी ऐकल्या, डोळे पुसले, फोटो काढला, गाडीत बसून गेले, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा दार लागतं. गोष्टींत कुठला कागद लपलाय तो शोधावा. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा निघतो तो हक्कसोडाचा, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडून दिल्याचा. बाप वारला, तेराव्याला किंवा त्यानंतर महिनाभरात भावाने ‘वारस नोंदीला सही लागते’ म्हणून अंगठा घेतला. नोंदीची सही आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहिणीला ठाऊक नसतं. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असावं लागतं, ओसरीवरच्या सहीने हक्क जात नाही. तेव्हा पुढच्या बैठकीला माहेरचा सातबारा मागवावा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो, गट नंबर तेवढा हवा. तो बारकाईने पाहावा. बहिणींची नावं खातेदारांच्या रांगेत आहेत की ‘इतर हक्क’ या रकान्यात कोपऱ्यात ढकलली आहेत? भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय का, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून तो एकटाच दिसतोय का? फेरफाराचा, म्हणजे नावांतल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर काय, कोणत्या सालचा? नवीन फेरफार पडलेला असेल तर हरकतीला १५ दिवस असतात, तेवढ्यात तलाठ्याकडे लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला (त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळून), देशाने २००५ मध्ये. आणि २००५ साली बाप हयात असायला हवा अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं.

कागद हातात आल्यावरही बहुतेक बायका वाटा मागत नाहीत. ‘माहेर तुटंल’ म्हणतात. दिवाळीला भाऊबीज कोण घालणार? त्यांना घाबरट समजणारी मंडळी भेटतात, त्यांनी जरा हिशेब करून पाहावा. अर्धा एकर कोरडवाहू एका पारड्यात, आणि दुसऱ्यात नवऱ्याने हाकलल्यावर रात्री ठोठावायचं एकमेव दार. तिचा निर्णय तिनेच घ्यायचा. आपण उतारा वाचायला शिकवायचं, ‘इतर हक्क’ कुठं असतं ते बोट ठेवून दाखवायचं. काही जणी दोन-तीन वर्षांनी परत येतात, तोच कागद घडी घातलेला घेऊन.

शेवटचं काम छापलेली प्रत देण्याचं. अक्षर मोठं, सोळा-अठरा पॉइंटचं, कागद जाड, आणि पाठीवर काहीही छापू नये, नातवंडं तिथं गणितं करतात. जिला वाचता येत नाही तिला तिचाच आवाज मेमरी कार्डवर द्यावा आणि फोनमध्ये कुठं बोट लावायचं ते तीनदा करून घ्यावं. प्रत तिच्याच हातात द्यायची. घरी पोचवून मुलाकडे नाही, सरपंचाकडे नाही, बचतगटाच्या अध्यक्षाकडेही नाही. ती घरात नसेल तर परत आणायची आणि पुन्हा जायचं. बहुतेक जणी ती रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात, म्हणून आधीच त्या पिशवीच्या मापाची घडी बसेल असा कागद निवडावा.